एकदाच उघडावं असं पान

मी एक जुनं पान आहे. कागदाचं नव्हे, बरं का मित्रांनो. मला कोपरे नाहीत, त्यामुळे ते दुमडत नाहीत. माझ्यावर चहा सांडला तर तो तुमच्या कीबोर्डवर सांडतो, माझं काही बिघडत नाही. मी संगणकाच्या पडद्यावर उघडणारं मदतीचं पान आहे. डीबगर नावाच्या एका हत्याराबरोबर माझा जन्म झाला आणि त्याच्याच सोबतीने मी म्हातारा होत चाललो आहे.

डीबगर म्हणजे काय ते आधी सांगतो, नाही तर पुढचं सगळं तुमच्या डोक्यावरून जाईल. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला ओळीओळीने लिहून दिलेल्या सूचना. त्या लिहिताना माणूस चुकतो. संगणक मात्र डोळे झाकून त्या पाळत सुटतो, आणि इतक्या वेगाने की चूक कोणत्या ओळीत झाली ते दिसतच नाही. डीबगर त्या धावत्या प्रोग्रॅमचा हात धरतो. माणसाने लिहिलेल्या ओळी जशाच्या तशा त्याच्यापुढे मांडतो, सांगाल त्या ओळीवर प्रोग्रॅमला थांबवतो आणि त्याचे खिसे तपासून आत्ता आत काय आहे ते दाखवतो. मग पुढची ओळ, मग त्याच्या पुढची. असं करत करत चूक सापडते.

पण प्रोग्रॅम सुरू करण्याआधी डीबगरला काही गोष्टी सांगाव्या लागतात. कोणत्या फोल्डरमध्ये उभं राहून सुरुवात करायची, सोबत काय माहिती द्यायची, पहिल्याच ओळीवर थांबायचं की नाही. त्यासाठी एक खिडकी उघडते, तिच्यात चौकटी असतात, आणि कोणत्या चौकटीत काय भरायचं ते सांगायला मी असतो. माझं नाव 'चालवण्याच्या सेटिंग्ज'. नाव ऐकूनच जांभई आली ना? येऊ द्या. मला त्याची सवय आहे.

माझा जन्म घाईत झाला. डीबगर ज्याने बनवला त्या इंजिनिअरला ऑफिसात सगळे घाईबाबा म्हणत. माणूस हुशार, मनाने चांगला, पण त्याला खुर्चीत टेकलेलं कोणी फारसं पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी डीबगर लोकांच्या हाती जायचा होता आणि मदतीची पानं अजून कोरीच होती. तेव्हा त्याने एका हातात सँडविच धरून दुसऱ्या हाताने मला टाइप केलं. सँडविच संपलं तेव्हा मीही संपलो होतो.

कसं लिहिलं होतं म्हणता? 'कामाचं फोल्डर : या चौकटीत कामाचं फोल्डर लिहावं.' झालं. 'सुरुवातीला थांबणे : ही खूण केल्यास प्रोग्रॅम सुरुवातीला थांबतो.' झालं. आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य, 'या सेटिंग्ज जाणकारांसाठी आहेत.' त्या वाक्याचा मला भारी अभिमान होता. ते वाचून आपण कोणीतरी मोठे असल्यासारखं वाटे. माझ्यात काही उणं आहे हे मलाही दिसलं नाही आणि घाईबाबालाही दिसलं नाही. त्याला सगळं आधीपासूनच ठाऊक होतं. ज्याला ठाऊक असतं त्याला अर्धं वाक्यही पुरतं, आणि उरलेलं अर्धं लिहायचं राहून गेलंय हे त्याच्या लक्षातही येत नाही.

मग माझे वैभवाचे दिवस आले. आमच्या ऑफिसात एक आकडेसाहेब होते. मदतीच्या सगळ्या पानांची जबाबदारी त्यांची. त्यांच्या खोलीत भिंतीवर एक फळा होता आणि कोणतं पान किती लोकांनी उघडलं त्याप्रमाणे पानांची नावं त्यावर वरखाली होत. सगळ्यात वर माझं नाव. वर्षानुवर्षं माझंच. 'डीबगर कसा बसवावा' हे पान माझ्या खाली, आणि 'रंग कसे बदलावेत' हे बिचारं तर तळाला. पाहुणे आले की आकडेसाहेब फळ्याकडे हात करून म्हणत, "हे पान बघा. नुसती झुंबड असते त्याच्यावर!" ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

आणि लोक खरंच येत. सकाळी येऊन गेलेला दुपारी परत येई. दुपारी आलेला दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मी ज्या ज्या पडद्यावर उघडतो त्या त्या खोलीतला आवाज मला ऐकू येतो, पडद्यासमोरचं तोंड दिसतं. त्या तोंडांवर आठ्या असत, कोणी डोक्याला हात लावून बसलेलं असे, कोणी मला वरपासून खालपर्यंत सरकवून पुन्हा वर नेई. मला वाटे, बघा, यांना आपला किती लळा लागलाय.

अशात आमच्या विभागात एक बाई आल्या. पूर्वी त्या शिवणयंत्रांबरोबर येणारी माहितीपुस्तकं लिहीत. ऑफिसात सगळे त्यांना ताई म्हणू लागले. त्यांना पारखून घेण्याच्या बोलीवर ठेवलं होतं. आकडेसाहेबांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "फळ्यावरची खालची पानं वर आली पाहिजेत. आली तर तुमची नोकरी पक्की. नाही आली तर आपण हसतमुखाने निरोप घेऊ." ताईंच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवऱ्याचं काम फिरतीचं. हे ऑफिस घरापासून दोन गल्ल्यांवर. ही नोकरी त्यांना हवीच होती.

ताईंनी खालची पानं वाचली. मग वरचं, म्हणजे मला वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्या तळाशी एक छोटी जागा आहे, तिथे वाचक अभिप्राय लिहू शकतात. तिकडे ऑफिसातलं कोणी वर्षानुवर्षं फिरकलं नव्हतं. ताईंनी ती उघडली. शेवटचा अभिप्राय होता, 'पान छान आहे. कळलं काहीच नाही.'

ताई खुदकन हसल्या. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं.

त्यांच्या मागेच मदतफोनवाले मामा बसत. कानाला हेडफोन, समोर पाण्याची बाटली, आणि तोंडात दिवसभर एकच वाक्य, "साहेब, फाईलचा पूर्ण पत्ता लिहून बघा." ताईंनी खुर्ची फिरवून विचारलं, "मामा, हे तुम्ही सारखं कोणाला सांगता?"

"फोल्डरवाल्यांना," मामा म्हणाले. "डीबगरमध्ये चालतं, बाहेर चालत नाही, असं म्हणणारे. रोज येतात. त्यांच्याशिवाय माझा दिवस उगवत नाही आणि मावळतही नाही."

"पत्ता लिहिला की का चालतं?"

"ते मला काय विचारता? चालतं एवढं खरं." आणि मामांनी पुढचा फोन घेतला.

ताईंनी तो अभिप्राय लिहिणाऱ्याचा माग काढला आणि त्याला फोन लावला. तो एका चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात प्रोग्रॅम लिहायचा. कारखाना त्याच्या सासऱ्यांचा. काचा घासण्याचं यंत्र याच्याच प्रोग्रॅमवर चाले. यंत्राला नवं चाक बसवलं होतं, म्हणून कोणत्या नंबरला काच किती घासायची याचा नवा तक्ता त्याने बनवला होता. डीबगरमध्ये चालवून पाहिलं की हिशोब बिनचूक. यंत्रावर चालवलं की काचा चुकीच्या. याच्या नाकी नऊ आले होते. ताई म्हणाल्या, "तुमचा पडदा मला दाखवा, आमचं पान उघडा, मोठ्याने वाचा आणि मनात येईल ते बोलत राहा. मी मध्ये बोलणार नाही."

तो वाचू लागला. "'या चौकटीत कामाचं फोल्डर लिहावं.' बरं. म्हणजे काम ठेवलंय ते फोल्डर, की काम करायचंय ते? माझं दोन्हीकडे आहे. काय लिहू?" ताईंनी ओठ घट्ट दाबून धरले होते. "जाऊ दे. 'जाणकारांसाठी' म्हटलंय. आपण कुठले जाणकार! रिकामंच ठेवतो."

एवढ्यात मागचं दार उघडलं आणि सासरे हातात काचांचा ट्रे घेऊन आत आले. "जावईबापू, ही आजची रास बघा. तुमच्या खोलीत सगळं बरोबर आणि माझ्या मशीनवर सगळं चूक, हे कसं काय? सकाळी एक बाई नवा चष्मा परत देऊन गेल्या. म्हणाल्या, जिना वाकडा दिसतो, पाय टाकायची भीती वाटते."

जावयाने मला पुन्हा वरपासून खालपर्यंत सरकवलं. तेच तोंड, त्याच आठ्या. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं मी ज्याला लळा समजत होतो तो लळा नव्हताच. ती माणसं अडली होती. मला विचारत होती, आणि मी त्यांचाच प्रश्न त्यांना परत वाचून दाखवत होतो. मला इतकी लाज वाटली की पडदा काळा झाला असता तर बरं, असं झालं.

ताईंनी फोन ठेवला आणि तडक घाईबाबाला गाठलं. तो उभाच होता. "ही चौकट रिकामी ठेवली तर काय होतं?"

"काय व्हायचंय? नेहमीचं फोल्डर घेतो."

"नेहमीचं म्हणजे कोणाच्या नेहमीचं?"

घाईबाबा चक्क खुर्ची ओढून बसला आणि डीबगरच्या ओळी वर काढून शोधू लागला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "अरेच्चा! लिहिलेल्या ओळी जिथे ठेवल्यात, त्या फोल्डरमध्ये उभा राहतो हा. प्रोग्रॅम बाहेर एकटा चालतो तेव्हा तिथे नसतोच की उभा. हे मीच केलंय?"

"या ओळींखाली सही तुमचीच आहे," ताई म्हणाल्या.

गोष्ट एवढीशीच होती. 'आतल्या खोलीतून कात्री आण' असं कोणाला सांगितलं, तर तो ज्या घरात उभा असेल त्या घरातली कात्री आणेल. जावयाच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं, 'इथला तक्ता वाच.' डीबगरने त्याला जावयाच्या फोल्डरमध्ये उभं केलं होतं, तिथे नवा तक्ता होता. यंत्रावर तो यंत्राच्या फोल्डरमध्ये उभा राही, तिथला जुन्या चाकाचा तक्ता कोणीतरी पुसायला विसरलं होतं. ताईंनी जावयाला पुन्हा फोन करून यंत्राच्या फोल्डरचा पत्ता त्या चौकटीत लिहायला सांगितलं. लिहिल्याबरोबर डीबगरमध्येही हिशोब चुकला, आणि प्रोग्रॅम कोणता तक्ता उचलतोय ते त्या ओळीवर थांबताच दिसलं. चूक दिसल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

त्यानंतर ताई माझ्याकडे वळल्या. खरं सांगतो, दुखलं. माझं जवळजवळ प्रत्येक वाक्य त्यांनी खोडलं. 'जाणकारांसाठी' हे माझं लाडकं वाक्य तर सगळ्यात आधी गेलं. प्रत्येक चौकटीपुढे त्यांनी पहिल्यांदा लिहिलं ते हेच, की ती रिकामी ठेवली तर काय होईल. मग ती कधी भरावी, मग एक खरं उदाहरण. आणि माझ्या अगदी डोक्यावर लिहिलं, 'तुमचा प्रोग्रॅम डीबगरमध्ये बरोबर चालतो आणि बाहेर चुकतो? आधी कामाचं फोल्डर पाहा.' घाईबाबाला उभ्या उभ्या वाचायला दिलं. तो म्हणाला, "एवढं सगळं सांगायला हवं होतं होय?" पण त्यातली एक चूक त्यानेच दाखवली आणि दुसऱ्या एका चौकटीबद्दल स्वतः बसून लिहून दिलं. शेवटी ताईंनी जावयाला पुन्हा वाचायला लावलं. या वेळी तो काहीच बोलला नाही. वाचलं, चौकट भरली, मला बंद केलं.

आणि मग येणारे कमी होऊ लागले.

सकाळी येऊन गेलेला दुपारी परत येईना. आलेला एकदा वाचे आणि जाई तो जाईच. फळ्यावर माझं नाव एक पायरी उतरलं, मग आणखी एक. 'डीबगर कसा बसवावा' माझ्या वर गेलं. काही आठवड्यांत मी 'रंग कसे बदलावेत'च्या शेजारी जाऊन बसलो. काय गंमत आहे बघा, आपण आता उपयोगी झालो हे कळत होतं, तरी ओकंओकं वाटायचं ते वाटायचंच.

आकडेसाहेबांनी ताईंना खोलीत बोलावलं. मी त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर उघडा होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"ताई, मी खालची पानं वर आणायला सांगितली होती. तुम्ही वरचं खाली आणलंत."

"साहेब, लोकांना आता एकदा वाचून कळतं. म्हणून परत येत नाहीत."

"किंवा आवडत नाही म्हणून येत नाहीत. दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो. एका माणसाला कळलं हे तुम्ही सांगितलंत. बाकीच्यांचं काय? तुमच्याकडे काही दाखवण्यासारखं आहे?"

ताई हळू आवाजात म्हणाल्या, "नाही कळलं हे सांगायला लोक फोन करतात, साहेब. कळलं हे सांगायला कोणी करत नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाही बोलताना जड जात होतं. "मग माझा नाइलाज आहे. उद्या जुना मजकूर परत लावू. आणि तुमच्याबद्दल... आपलं बोलणं झालंच होतं."

ताई मान खाली घालून उठल्या. आपल्यापायी या बाईची नोकरी जाणार, आणि आपण उद्या पुन्हा तेच पोकळ पान होणार. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण पानाला आवाज कुठून असणार?

तेवढ्यात दार न वाजवताच मामा आत आले. हेडफोन गळ्यात, चेहरा लालबुंद.

"साहेब, माझी लाइन दुरुस्त करून द्या."

"मामा, आता नको."

"आत्ताच! किती दिवस सांगतोय, कोणी मनावर घेत नाही. फोल्डरचा फोन येणंच बंद झालंय. लाइनवाला दोनदा येऊन गेला, म्हणे लाइन ठीक आहे. ठीक कशी असेल? फोल्डरचा फोन आला नाही असा दिवस मी या ऑफिसात पाहिलेला नाही!"

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बाकीचे फोन येतात का?"

"बाकीचे येतात की. पैशाचे येतात, पासवर्डचे येतात. फक्त फोल्डरचे येत नाहीत."

"मामा, लाइन बिघडली तर ती एकाच प्रकारचे फोन कशी अडवेल?"

"तेच तर मी कधीपासून विचारतोय!" मामा कडाडले.

ताईंना हसू फुटलं. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. मामा बिचारे दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिले. साहेबांनी मदतफोनचा आकडा मागवला. मागच्या महिन्यांचा शेजारी ठेवला. बराच वेळ दोन्हींकडे पाहून ते उठले, फळ्याजवळ गेले आणि ताईंकडे न बघताच म्हणाले, "इतकी वर्षं मी अडलेली माणसं मोजत होतो तर."

मी परत जुना झालो नाही. ताईंची नोकरी पक्की झाली आणि बाकीची पानंही त्यांच्याच हाती आली. फळ्यावर आता पानासमोर फोनचाही आकडा लिहितात. मामांना अजूनही पूर्ण पटलेलं नाही. मधूनच ते हेडफोनवर टिचकी मारून बघतात.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. माझ्यासारखी पानं धुळीने जुनी होत नाहीत. हत्यार बदलतं आणि आम्हाला कोणी बदलत नाही, तेव्हा आम्ही जुने होतो. मग आम्ही तोंड वर करून खोटं सांगू लागतो आणि आम्हाला त्याचा पत्ताही नसतो. परवाच घाईबाबाने त्या खिडकीत एक नवी चौकट घातली आणि मला सांगायचं विसरला. ताईंनी त्याला कान धरून आणला तेव्हा कुठे माझ्यात एक परिच्छेद वाढला. तुम्ही मोठे होऊन काही बनवाल, तेव्हा ते कसं वापरायचं तेही लिहा. लिहिलेलं एखाद्या अडलेल्या माणसाला मोठ्याने वाचायला द्या, आणि तो वाचत असताना तुम्ही गप्प बसा. हे शेवटचं फार अवघड आहे, पण जमतं. ताईंना जमलं.

आता एकच सांगतो आणि थांबतो. मध्यंतरी एक दिवस त्या चष्म्याच्या कारखान्यात मी पुन्हा उघडलो. हा परत का आला? माझं काही चुकलं का? पण पडद्यासमोर जावई नव्हता, त्याची बायको होती. ती प्रोग्रॅम लिहायला शिकत होती. जावयाने मला तिच्यासाठी उघडून दिलं होतं आणि स्वतः चहा टाकायला आत गेला होता. तिने मला वाचलं, सावकाश, एकदाच. कामाच्या फोल्डरच्या चौकटीत पत्ता लिहिला. डीबगर सुरू केला.

आतून जावयाचा आवाज आला, "कळतंय का गं? येऊ का समजावायला?"

"नको," ती म्हणाली. "कळलं."

जे सांगायला कोणी कधी फोन करत नाही, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. मग तिने मला बंद केलं. ती अजून परत आलेली नाही, मित्रांनो. येऊही नये.